वाकोबा कसा उभा आहे

११ जानेवारी

मामा,

मांडीमागे बोट अडकलं तेव्हा मी त्याच्या पायाशी पालथी पडून ओल्या ब्रशने धूळ काढत होते, आणि बराच वेळ तशीच पडून राहिले. दगड घडवलेला असेल तर बोटाला कळतं, मोडलेला असेल तरी कळतं. ही कड जुनी होती, बोथट झालेली, पण घडवलेली नव्हती. तिथून काहीतरी पुढे गेलेलं होतं आणि ते मोडलं होतं.

फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं स्वतः रचतोस, म्हणून लिहिते आहे.

तो कोण, हे तुला सांगायला नको. शाळेच्या पुस्तकात या कोरीव शिळेचं चित्र होतं. आसनावरून उठलेला राजा, त्याचा एक हात वर. समोर कमरेत वाकलेला रानातला माणूस. मागे हसणारे सरदार. इथे संग्रहालयात सगळे त्याला वाकोबा म्हणतात. पहारेकरी सकाळी दिवे लावताना त्याला झोप झाली का विचारतो. इतकी वर्षं तो तळघरात भिंतीला टेकून होता. आता प्राचीन समाजाचं नवं दालन होतंय. त्यात राजांना तीन भिंती, व्यापाऱ्यांना दोन, रानातल्या लोकांना एक. त्या एका भिंतीवर हा एकटा.

जुन्या वर्णनात असं आहे: ‘शरण आलेला अरण्यवासी. हात जोडलेले. कमरेला शेपटीसारखं कातडं.’ माझं बोट अडकलं ती म्हणजे ही शेपटी. डाव्या घोट्यापुढेही तसाच एक मोडका तुकडा आहे. त्याच्याबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नाही.

संचालक बाईंनी सांगितलंय की दोन्ही तुकडे घासून सपाट करायचे आणि वर दगडाच्या रंगाचा गिलावा द्यायचा. दालन वीस फेब्रुवारीला उघडणार. मोडकं दिसलं की लोक मोडक्याकडेच बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. पण एकदा घासलं की घासलं. तिथे काय होतं हे मग कोणालाच सांगता येणार नाही, आणि तो कायमचा शरण आलेला राहील.

मला घासायचं नाही. का, असं बाईंनी विचारलं. तुला आठवतं, पुस्तकातला तो धडा झाला त्या दिवशी वर्गात कुणीतरी माझ्या फ्रॉकला सुतळीची शेपटी बांधली होती? मी ती दिवसभर मिरवली. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, मला वाटलं आज मी सगळ्यांना आवडले. तू फाटकाशी ती सोडलीस आणि खिशात टाकलीस. हे बाईंना कारण म्हणून सांगता येत नाही.

तू जन्मभर हा इतिहास शिकवलास. शेपटी खरी का?

भिंगरी


१६ जानेवारी

भिंगरी,

शेपटी खोटी. एवढ्यासाठी पत्र लिहायची गरज नव्हती, पण लिहिलंस ते बरं केलंस. निवृत्त माणसाला कुणी काही विचारत नाही. मामी विचारते, तेही चष्मा कुठे ठेवला एवढंच.

जुन्या लिहिणाऱ्यांनी रानातल्या माणसाला जे जे चिकटवलं त्यात शेपटी अगदी किरकोळ आहे. रंग जळक्या खोडासारखा, अंग बुटकं, नाक चपटं, डोळे तांबडे. निषाद म्हणा, शबर म्हणा, पुलिंद म्हणा. नावं बदलतात, चेहरा एकाच साच्यातून काढल्यासारखा. मला नेहमी वाटतं, हे लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी रान गच्चीवरून पाहिलं असावं.

आणि हेच लोक राज्य कसं चालवावं हे सांगायला बसले की सूर बदलतो. हत्ती रानातून येतात. मध, लाख, इमारतीचं लाकूड, औषधी मुळ्या रानातून येतात. सैन्यात रानातली तुकडी हवी, कारण आडवाटा तिलाच ठाऊक. लगेच पुढे सल्ला येतो, की यांच्यापासून सांभाळून राहा, हे शूर आहेत, यांना स्वतःची भूमी आहे. एका राजाने तर युद्धाचा पश्चात्ताप झाला म्हणून तो दगडावर कोरून घेतला, आणि त्याच मजकुरात रानातल्या लोकांना दटावलं. ज्यांच्यावाचून चालत नाही त्यांचं नीट वर्णन करणं माणसाला जड जातं, असं मी वर्गात म्हणत असे. कुणी वहीत उतरवून घेतल्याचं आठवत नाही.

आता तुला न आवडणारं. तो आपला आहे म्हणून त्याला ताठ करू नकोस. तुझे आजोबा रानातून खाली आले आणि पहिल्या दिवशी लाकडाच्या वखारीत मालकापुढे वाकले. मी ते पाहिलं आहे. काही माणसं वाकतात, त्यांना मुलं वाढवायची असतात. पुराव्यावाचून ताठ केलेला पूर्वज आणि पुराव्यावाचून वाकवलेला पूर्वज, दोघेही इतिहासाच्या काही कामाचे नाहीत.

माझा अंदाज साधा आहे. नजराणा आणला, ओझ्याची काठी खांद्यावरून उतरवली, नमस्कार केला. मोडले आहेत ते त्या काठीचे तुकडे. दोरा घे आणि एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत ताण. सरळ गेला तर काठी. घासायचं की नाही ते मग बघू.

मामी विचारते, वेळेवर जेवतेस का. मी परस्पर सांगून टाकलं, दगड खाते म्हणून.

तुझा मामा


२१ जानेवारी

मामा,

दोरा सरळ जात नाही. मध्ये मांडी येते.

म्हणून तार घेतली. घोट्यापुढचा तुकडा बाहेर कलतो, मांडीमागचा आत. दोन्ही कल सांभाळून तार वाकवली तर ती डाव्या घोट्याच्या पुढून निघते, उजव्या मांडीच्या मागून जाते आणि कमरेच्या बाजूने वर हातांपर्यंत येते. बाक आहे तिला, आणि भरपूर. ओझं वाहायची काठी अशी वाकली तर ओझं जमिनीवर. पहारेकऱ्याने ती तार बघून विचारलं, वाकोबाला चष्मा लागला का.

दुसरं. दोन हातांच्या मध्ये कुणीतरी कधीतरी चुना भरला होता. बाईंची परवानगी घेऊन मी तो काढला. मामा, तळवे एकमेकांना लागलेलेच नाहीत. एक मनगट वर आहे, एक खाली. वरच्या हाताचा अंगठा कशावर तरी दाबल्यासारखा. नमस्कार करताना कुणी असे हात ठेवत नाही. ज्याने चुना भरला त्याने नमस्कार पूर्ण केला, इतकंच.

बाई म्हणाल्या, झिजलं असेल. त्या वाईट नाहीत. दालनाचं छत गळतंय, रंगारी तीन दिवस आलेला नाही, आणि मी त्यांना एका मनगटाबद्दल सांगते आहे. पंधरा फेब्रुवारीपर्यंत पटेल असं कारण आण, नाहीतर कानस घेऊन कामाला लाग, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पाटी त्याच दिवशी कोरायला जाणार.

तीन बाजूंनी फोटो पाठवते आहे. काठी नाही, कातडं नाही, मग काय?

आणि पुराव्याचं म्हणतोस ते खरं. पण त्याला वाकवला तेव्हा कुणी पुरावा मागितला होता? तूही हेच चित्र फळ्याला लावून शिकवलंस. मला ते पाठ आहे, तुझ्याच वर्गात बसून.

भिंगरी


३१ जानेवारी

मामा,

दहा दिवस झाले. तू पत्राचं उत्तर कधी तिसऱ्या दिवसाच्या पुढे जाऊ दिलं नाहीस. शेवटच्या चार ओळी मी रागात लिहिल्या. तुला लागलं असेल तर लागलं म्हणून लिही, पण लिही. फोन केला तर मामी म्हणाली, झोपलाय. दुसऱ्यांदा केला, तेव्हाही झोपलाय. तू दुपारी झोपणाऱ्यांना आयुष्यभर नावं ठेवलीस.

बाईंनी कानस माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे. नवी आहे, तेलाचा वास येतो.

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी,

लागलं वगैरे काही नाही. पुस्तकात होतं ते शिकवलं, त्यात रुसायचं काय. जरा कामात होतो. अक्षर वेडंवाकडं दिसेल. पेन चांगलं नाही.

तो धनुष्याला दोरी चढवतो आहे.

आता नीट वाच. तुझे फोटो आले त्या दिवशी मी ते खिशात घालून फिरायला गेलो. मागच्या मैदानावर मुलींना तिरंदाजी शिकवतात, तुला माहीत आहे. त्यांची शिक्षिका माझी जुनी विद्यार्थिनी, तेव्हा सनावळ्यांना फार भ्यायची. मी बाकावर बसलो. तास सुरू व्हायचा होता. शिक्षिकेने काहीतरी म्हटलं आणि मुली एका रांगेत उभ्या राहिल्या, धनुष्यं उतरवलेली, दोऱ्या सैल. मग प्रत्येकीने एक पाय उचलून दोरी आणि धनुष्याच्या मधून पलीकडे टाकला, धनुष्याचं खालचं टोक दुसऱ्या घोट्यावर अडकवलं, मधला भाग मांडीमागे घेतला आणि कमरेत वाकून वरचं टोक पुढे ओढलं. डोकी खाली. दोन्ही हात टोकाशी, एक दाबायला, एक दोरीचा फास सरकवायला.

भिंगरी, दहा-बारा वाकोबा एका रांगेत. आणि कुणी कुणाला शरण गेलेलं नाही. एकीचा फास निसटला तर शेजारची इतकी हसली की तिचाही निसटला.

मी फोटो काढून बघितला. मग मुलींकडे बघितलं. मग परत फोटो. आपण दोघं जन्मभर त्या माणसाला बघत आलो. आपल्या घरात तुझ्या आजोबांचं धनुष्य खुंटीला होतं, पण त्याला दोरी चढवताना मी कधी पाहिलं नाही. ते खाली आले तेव्हापासून ते सैलच होतं. वाकलेला आपला माणूस दिसला की तो कुणापुढे वाकला, एवढंच आपण विचारलं. काय करतोय, हे विचारायचं सुचलं नाही. हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर आपण लगेच विचारलं असतं.

आता उड्या मारू नकोस. हे अजून सिद्ध झालेलं नाही. धनुष्य मध्ये जाड आणि टोकाकडे बारीक असतं. काठी सगळीकडे सारखी. दोन्ही तुकड्यांची जाडी घे. मांडीमागचा जाड आणि घोट्यापुढचा बारीक निघाला तर माझी मान्यता. उलटा निघाला तर कानस उचल, मी एक शब्द बोलणार नाही. दोरी दगडात दिसणार नाही. इतकी बारीक वस्तू कोरत नसत, रंगवली असेल.

हे तू स्वतः करून पाहू नकोस. वाकायची त्यात एक विशिष्ट पद्धत आहे आणि ती सगळ्यांना जमत नाही.

तुझा मामा


३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरीस,

तुझ्या मामाचं पत्र मीच टाकलं, आणि टाकायच्या आधी वाचलं. पेन चांगलं नाही म्हणे. पेनला काय धाड भरली आहे? पाठीवर पडून, कागद वर धरून लिहिलं की शाई उतरत नाही, एवढंच.

खरं काय ते मी सांगते. मैदानावरून आला तो लहान पोरासारखा. पायात चपला तशाच. मला म्हणतो, सगळं सोड आणि इकडे बघ. माझ्या हातात कणकेचं भांडं. दुसऱ्या दिवशी त्या शिक्षिकेकडून धनुष्य मागून आणलं. तिने बिचारीने सांगितलं होतं, सर, हे मोठ्यांचं आहे, कडक आहे, मुलींचं न्या. सरांना मुलींचं चालेना. अंगणात आरसा आणवला, मला फोटो धरून उभं केलं, आणि मी सांगायचं, मनगट वर, मनगट खाली. बरोबर वाकोबासारखा वाकला. एकदम हुबेहूब. मी म्हटलंसुद्धा, झालं, तोच तो. मग तो म्हणाला, आता सोडतो, आणि सरळच होईना.

दोन तास तसाच होता. शेजारचे आले, त्यांना वाटलं माझी माफी मागतोय. त्यांच्या सौ. म्हणाल्या, असू दे, मिटवून टाका आता. मला इतकं हसू आलं की मी भिंत धरली. धनुष्य उडालं ते तुळशीच्या कट्ट्यावर आपटलं नाही, एवढं नशीब. कुंडी एक गेली.

आता उताणा पडून आहे. डॉक्टर म्हणाले महिनाभर. तुला कळवायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून फोनवर झोपलाय म्हणत होते. दुखतंय खूप पण गडी खूश आहे. इतका खूश मी त्याला निवृत्तीनंतर पाहिला नाही. येईल त्याला फोटो दाखवतो. डॉक्टरांनाही दाखवला. ते म्हणाले, या माणसाची पाठ चांगली होती.

तू त्याच्यावर रागावली नाहीस ना, असं दोनदा विचारलं. थेट नाही, असंच आडून आडून. लवकर लिही.

तुझी मामी


१३ फेब्रुवारी

मामा आणि मामी,

मामीचं पत्र मी कार्यशाळेत वाचलं आणि पहारेकरी धावत आला, काही पडलं की काय म्हणून.

मामा, जाडी घेतली. मांडीमागचा तुकडा माझ्या अंगठ्याहून जाड, घोट्यापुढचा करंगळीएवढा. दोन्ही लांबट गोल. मी तीन वेळा मोजलं, मग बाईंना बोलावून त्यांच्या हातात मापपट्टी दिली आणि लांब उभी राहिले. त्यांनी मोजलं, वहीत लिहिलं, आणि म्हणाल्या, धनुष्य असेल, नसेलही. हा राजासमोर हत्यार घेऊन काय करतोय, हे मला समितीला सांगावं लागेल. मी म्हटलं, मलाही माहीत नाही. त्या गेल्या. मला वाटलं संपलं.

काल सकाळी मी क्रीडा मंडळातून एक धनुष्य आणलं. मुलींचं आणलं, मामी, काळजी नको. कार्यशाळेत ठेवलं, कुणाला काही बोलले नाही. आधी पहारेकऱ्याने प्रयत्न केला. मग वीजवाल्याने. मग सुतार आला, त्याने धनुष्य उलटं धरलं आणि सगळ्यांनी त्याला शिकवलं. आवाज ऐकून बाई आल्या. मला वाटलं आता सगळ्यांना ऐकून घ्यावं लागणार. त्या उभ्या राहून बघत होत्या. मग चष्मा काढून माझ्या टेबलावर ठेवला, कानशीशेजारी, आणि म्हणाल्या, आणा इकडे.

पाय मधून टाकला. खालचं टोक घोट्यावर. मांडीमागे घेतलं. वाकल्या. त्यांच्यासारखी ताठ बाई मी पाहिलेली नाही, आणि त्यांचं डोकं गुडघ्याकडे गेलं, हात टोकाशी आले, एक वर, एक खाली. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि मग एकेक जण दाराबाहेर, दालनातल्या त्याच्याकडे बघायला लागला. तिथून तो दिसतो.

वाकलेल्याच अवस्थेत त्यांनी विचारलं, “आत्ता मला कुणी बघितलं तर काय म्हणेल?”

पहारेकरी म्हणाला, “बाई, कुणाच्या तरी पाया पडताय म्हणेल.”

“मी कुणाच्या पाया पडत नाही,” बाई म्हणाल्या, आणि फास सरकवला.

दोरी बसली त्याचा आवाज झाला, छोटासा. त्या सरळ झाल्या. चेहरा लाल. धनुष्य हातात घेऊन त्या दालनात गेल्या आणि त्याच्यासमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. आम्ही कुणी मागे गेलो नाही. परत आल्या तेव्हा चष्मा लावला आणि कानस उचलून घेऊन गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की पाटीचा मजकूर मी लिहायचा आणि सोमवारपर्यंत द्यायचा. समितीशी त्या बोलतील.

तुकडे राहिले, मामा.

मी मजकूर लिहिला आहे: ‘राजालाही न वाकलेलं धनुष्य सहज वाकवून त्याला दोरी चढवणारा, रानातला स्वाभिमानी वीर.’ कसा आहे? फोनवर सांग, मामी कानाशी धरेल, आणि सविस्तर पत्रही टाक. मला ते जवळ हवं आहे.

भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

फोनवर सांगितलं ते कागदावर देतो, म्हणजे तू पुढे मागे मी असं बोललोच नाही म्हणायला नको.

राजाला न वाकलेलं, हे तुला कुणी सांगितलं? राजाने की धनुष्याने? मलाही आवडलं असतं. पण दगडात नाही. सहज, हे तर मी माझ्या पाठीच्या अनुभवावरून नाकारतो. स्वाभिमानी, हे मान खाली घातलेल्या माणसाबद्दल कुणालाही म्हणता येतं. वीर काढ. वीर म्हटलं की लोक पुतळा बघतात, माणूस बघत नाहीत. ‘रानातला’ ठेव, त्याच्यामागे झाड कोरलं आहे आणि केसांची गाठही तशी आहे. शेपटी काढली म्हणून मुकुट घालायचा नाही. त्याला नुसतं काम करू दे.

सोमवारी तू जे अखेरचं वाचून दाखवलंस ते बरोबर आहे. त्यातला शेवटचा शब्दही बदलू नकोस. समिती काही जोडायला लागली तर बाईंना म्हणावं, पुन्हा एकदा वाका.

पाटीवर घ्यायचं नाही असं एक, फक्त तुला. उताणं पडल्यामुळे मी फोटो डोक्यावर धरून बघत असतो. त्या मागच्या सरदारांचं हसू मला वर्गात नेहमी टोचायचं. मुलांना मी घाईने पुढच्या पानावर न्यायचो. आता तेच चेहरे बघतो तर वाटतं, मैदानावरच्या मुलींसारखे हसतायत. त्याच्यावर नाही, त्याच्याबरोबर. मी मामीला हाक मारली आणि काही न सांगता फोटो दिला. तिने हातावरचं पाणी पदराला पुसून नीट बघितला आणि म्हणाली, तो डावीकडचा बघा, आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघतोय.

यालाही पुरावा नाही. पण मी आज दुपारी झोपलो नाही.

वीस तारखेला मला येता येणार नाही. डॉक्टर ऐकत नाहीत. तू कडेला उभी राहू नकोस, समोर उभी राहा.

तुझा मामा


२३ फेब्रुवारी

मामा,

झालं.

छत गळलं नाही. पाहुण्यांचं भाषण लांबलं, त्यात राजांच्या तीन भिंतीच आल्या. मग फीत कापली आणि लोक आत शिरले. मी तू सांगितलंस तशी समोरच उभी होते, आणि थोड्याच वेळात मला तिथून बाजूला व्हावं लागलं, कारण वाट अडत होती.

पाटी अशी गेली, एक शब्द न बदलता: ‘धनुष्याला दोरी चढवणारा रानातला माणूस. धनुष्य मोडलं आहे. त्याचे दोन तुकडे उजव्या मांडीमागे आणि डाव्या घोट्यापुढे दिसतात. समोरच्या राजाने हात का वर केला आहे, ते माहीत नाही.’ समितीतल्या एकांना शेवटचं वाक्य नको होतं. संग्रहालयाने माहीत नाही असं म्हणू नये म्हणे. बाई म्हणाल्या, मग तुम्ही सांगा, मी कोरून घेते. ते विचार करतो म्हणाले.

राजाच्या हाताबद्दल तर पैजा लागल्या आहेत. वीजवाल्याच्या मते तो म्हणतोय, सावकाश, सावकाश. सुताराच्या मते, मला दे, मी दाखवतो. एक आजी म्हणाल्या की तो बाजूला सरकतोय, टोक लागेल म्हणून. त्यांनी मुलं वाढवली आहेत, त्यांना कळणार.

आई आली होती. आधी पाटी वाचली नाही, सरळ त्याच्याकडे बघत राहिली. मग वाचली. मग परत त्याच्याकडे. मला म्हणाली, हा आपल्या दादासारखा वाकतो. मी सांगितलं की दादा सध्या वाकत नाही. तिला पाठीचं माहीतच नव्हतं, मामा. आता तुला तिचा फोन येईल, तयारीत राहा.

संध्याकाळपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. पाटी वाचून झाली की लोक इकडेतिकडे बघतात, कुणाचं लक्ष नाही याची खात्री करतात, आणि एक पाय उचलून पुढे टाकतात. हातात काही नसताना वाकून बघतात. म्हातारे, नवराबायको, सूट घातलेला एक गृहस्थ. एक पोरगी वाकून तशीच उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, बघा, मी पण. कुणीही हात जोडले नाहीत. त्याच्यासमोरचा लाकडी कठडा मात्र फार जवळ होता, सगळ्यांची डोकी त्यावर आपटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दालन उघडायच्या आधी, सुताराने कठडा मागे सरकवला.

भिंगरी